इंग्रजी कादंबरी कशातून आली? मध्यमवर्ग, उधारी आणि अनोळखी माणसाचा शब्द

एम.ए.ला इंग्रजी घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "इंग्रजी कादंबरी १७१९ साली 'रॉबिन्सन क्रूसो'पासून सुरू झाली आणि नव्या मध्यमवर्गामुळे वाढली, असे सगळ्या गाईडांत असते. हे कितपत खरे? त्या समाजाचा आणि या पुस्तकांचा नेमका संबंध काय? सगळे वाचणे शक्य नसेल तर कुठून सुरुवात करावी?"

गाईडातले वाक्य चूक नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. मध्यमवर्ग म्हटले की उत्तर झाले असे आपण धरून चालतो. इंग्लंडच्या आधी हॉलंडमधला व्यापारी वर्ग सुखवस्तू झाला होता, लिहिता-वाचता होता, छापखान्यांचीही तिथे कमी नव्हती. त्या सुबत्तेतून तिथे चित्रकला बहरली, पण 'क्रूसो' लिहिणारा डीफो आणि 'पामेला' लिहिणारा रिचर्डसन यांच्या जातीची कादंबरी आली नाही. म्हणजे पैसा, साक्षरता आणि छपाई हवीच, पण तेवढ्याने भागत नाही.

हे मध्यमवर्गाचे उत्तर आले कुठून, तेही सांगतो. इयन वॉट यांच्या १९५७ च्या 'द राइज ऑफ द नॉव्हेल' या पुस्तकातून. (हे वॉट दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांचे कैदी झाले आणि बर्मा-सयाम रेल्वेवर राबले. माणसाच्या एकाकी धडपडीवर त्यांनी जे लिहिले आहे ते वाचताना मला हे नेहमी आठवते.) वॉट यांनी डीफो, रिचर्डसन आणि फील्डिंग हे तिघे घेतले आणि सांगितले की या लेखकांनी माणसाला साधे नाव-आडनाव दिले, घड्याळाचा काळ दिला, रस्त्याचा पत्ता दिला, आणि हे ज्या वाचकाला हवे होते तो व्यापारउदीम करणारा, प्रॉटेस्टंट, स्वतःच्या कष्टावर उभा असलेला माणूस होता. मांडणी भक्कम आहे. पण त्यातून बायका जवळपास गळाल्या. अ‍ॅफ्रा बेन यांची 'ओरूनोको' १६८८ ची. एलायझा हेवुड यांची 'लव्ह इन एक्सेस' १७१९-२० ची, म्हणजे 'क्रूसो'बरोबरचीच, आणि तीही धडाक्याने खपली. नंतरच्या टीकाकारांनी, विशेषतः स्त्रीवादी अभ्यासकांनी, ही यादी दुरुस्त केली. तेव्हा 'जन्म १७१९' हे परीक्षेपुरते ठीक, मनात मात्र धरू नका.

बरीच वर्षे हा पेपर शिकवल्यावर माझे स्वतःचे मत असे झाले आहे. सुरुवातीच्या जवळजवळ प्रत्येक इंग्रजी कादंबरीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: ज्याला आपण ओळखत नाही, ज्याचे घरदार माहीत नाही, त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? हा प्रश्न लेखकांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. लंडनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला तो दिवसातून अनेकदा पडत होता.

१७०० च्या सुमारास लंडनची वस्ती पावणेसहा लाखांच्या घरात होती, १७५० पर्यंत ती पावणेसात लाखांच्या आसपास गेली. गंमत अशी की त्या काळात लंडनमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. शहर वाढत होते ते फक्त बाहेरून येणाऱ्यांमुळे. खेड्यापाड्यांतून उमेदवारीला आलेली पोरे, मोलकरणी म्हणून आलेल्या पोरी, स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेले होतकरू. खेड्यात माणसाचे सात पिढ्यांचे माहीत असते. इथे त्याचे कपडे, त्याची बोलण्याची ढब आणि त्याने आणलेली शिफारशीची चिठ्ठी एवढाच पुरावा.

त्यात सगळा बाजार उधारीवर. सुटी नाणी पुरेशी नव्हती, वाण्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांची खाती महिनोन्‌महिने चालत. १६९४ ला बँक ऑफ इंग्लंड निघाली, हुंड्या आणि कागदी वचने हातोहात फिरू लागली, शेअरांचा सट्टा आला, आणि १७२० साली साउथ सी कंपनीचा फुगा फुटून भलेभले बसले. पत म्हणजे लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते. ती गेली की धनको थेट तुरुंगात घालू शकत असे. फ्लीट आणि मार्शलसी हे तुरुंग कर्जबाजाऱ्यांनीच भरलेले असत.

आता डॅनियल डीफो बघा. मेणबत्त्यांच्या धंद्यातल्या माणसाचा मुलगा, चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथाचा, म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद. मोज्यांचा व्यापार केला. अत्तरासाठी जवादी मांजरे पाळायचा उद्योग केला, बुडालेला खजिना काढायच्या पाणबुड्या यंत्रात पैसे घातले. १६९२ मध्ये दिवाळे निघाले ते १७,००० पौंडांचे. मग टिलबरीला विटा-कौलांचा कारखाना काढला. १७०३ मध्ये एका उपरोधिक पत्रकापायी त्याला भर चौकात खोड्यात उभे केले आणि तो कारखानाही गेला. त्यानंतर बरीच वर्षे तो 'रिव्ह्यू' हे पत्र जवळजवळ एकहाती लिहीत होता, आणि त्यात पत या गोष्टीला त्याने एका लहरी बाईचे रूप दिले आहे: रुसली की कितीही मनधरणी करा, परत येत नाही. साठीच्या उंबरठ्यावर त्याने 'क्रूसो' लिहिली. १७३१ मध्ये वारला तोही धनकोंपासून लपून राहिलेला असताना.

अशा माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी बेटावरची आहे, त्यामुळे ती समाजाबाहेरची गोष्ट वाटते. पण शीर्षकपानावर काय छापले आहे? 'स्वतः त्यानेच लिहिलेली.' डीफोचे नाव कुठेच नाही. प्रस्तावनेत 'संपादक' म्हणतो की ही घडलेल्या गोष्टींची सरळ हकीकत आहे आणि तिच्यात कल्पिताचा मागमूसही नाही. पुस्तक २५ एप्रिल १७१९ ला आले, किंमत पाच शिलिंग, आणि ऑगस्टपर्यंत चार आवृत्त्या निघाल्या. त्याच वर्षी चार्ल्स गिल्डन नावाच्या लेखकाने डीफोवर तुटून पडणारे पत्रक छापले. त्यातला एक मुद्दा अजून वर्गात हशा पिकवतो: कपडे उतरवून फुटक्या जहाजाकडे पोहत गेलेल्या क्रूसोने बिस्किटे खिशात भरली ती कुठल्या खिशात? थट्टा बाजूला ठेवा. गिल्डन हकीकत अशी तपासतो आहे जशी कोर्टात उलटतपासणी होते. वाचक असे वाचत होते, कारण लेखकाने त्यांना साक्षीदारासारखे बोलावले होते.

क्रूसो बेटावर काय करतो? वही घालतो. वाईट आणि बरे अशा दोन रकान्यांत आपली अवस्था मांडतो आणि स्वतःच म्हणतो की देणे-घेणे मांडावे तशी मी ती निःपक्षपाती मांडली. जहाजावर छत्तीस पौंडांचे नाणे सापडते तेव्हा पैशावर एक झकास भाषण ठोकतो, तू माझ्या काय कामाचा म्हणतो, आणि मग थोडा विचार करून ते बरोबर घेतो. हे सगळे पुष्कळांनी लिहिले आहे. मला मात्र शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, जो विद्यार्थी सहसा वाचतच नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी बेटावरून सुटल्यावर क्रूसो लिस्बनला जातो आणि ज्या पोर्तुगीज कप्तानाने त्याला कधीकाळी समुद्रातून उचलले होते त्याला गाठतो. तो म्हातारा कप्तान ब्राझीलच्या मळ्याचा हिशेब सांगतो. मधल्या काळात त्याचेही नुकसान झालेले असते, क्रूसोचे काही पैसे त्याने वापरलेले असतात. मग तो रोख सोने देतो आणि उरलेल्यापोटी आपल्या जहाजातल्या वाट्याचे कागद त्याच्या हाती ठेवतो. पुढे कळते की क्रूसोजवळ आता पाच हजारांवर पौंड रोख आणि वर्षाला हजारावर पौंड देणारा मळा आहे. बेटावर एकट्याने अठ्ठावीस वर्षे काढणे एकवेळ पटते. तेवढ्या वर्षांनी परतल्यावर प्रत्येकाने पै-पैचा चोख हिशेब द्यावा, ही कल्पना मात्र डीफोसारख्या बुडालेल्या व्यापाऱ्यालाच सुचू शकते.

आणि हाच सज्जन कप्तान आधी क्रूसोकडून झुरी नावाचा मुलगा विकत घेतो, साठ चांदीच्या नाण्यांना. ज्या झुरीच्या मदतीने क्रूसो गुलामगिरीतून पळाला, तोच झुरी. ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी मोकळा करीन, असे कप्तान लिहून देतो. क्रूसोचे जहाज फुटते तेही ब्राझीलहून गिनीच्या किनाऱ्यावर गुलाम आणायला निघालेले असताना, आणि तो मळा गुलामांच्याच कष्टावर चालतो. विश्वासाचे हे सुंदर जाळे कुणाला आत घेते आणि कुणाला माल म्हणून मोजते, हे पुस्तकच सांगते. डीफोला ते खटकले नाही, आपल्याला खटकले पाहिजे. समाजाचा संबंध विचारला होता तर हा संबंध पहिला. (जाता जाता: त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात खलाशी क्रूसोला बंगालमध्ये उतरवून देतात आणि तिथून तो पूर्वेकडे व्यापार करत चीनपर्यंत जातो. आपल्याकडच्या छिटांच्या कापडाने इंग्रज विणकर बुडतात म्हणून डीफोने याच सुमारास नेटाने लिहिले, आणि १७२१ मध्ये संसदेने असे कापड वापरण्यावरच बंदी घातली.)

'मॉल फ्लँडर्स' (१७२२) माझ्या मते 'क्रूसो'पेक्षा सरस आहे. न्यूगेट तुरुंगात जन्मलेली मुलगी, पाच लग्ने, बारा वर्षे चोऱ्या, व्हर्जिनियाला काळ्या पाण्याची शिक्षा, शेवटी सुखवस्तू म्हातारपण. प्रत्येक नवरा मेला वा गेला की ती आधी हातात किती पौंड उरले ते सांगते, मग रडते. लँकशरचा प्रसंग वाचाच. ही स्वतःला पैसेवाली म्हणून दाखवते, तिथला तिचा होणारा नवरा स्वतःला जमीनदार म्हणून दाखवतो, दोघांची मध्यस्थही फसवणारी, आणि लग्नानंतर कळते की दोघेही कफल्लक. मग ते भांडत नाहीत. हसतात, हळहळतात, आणि त्या पुस्तकातले खरे प्रेम तिथेच सुरू होते. दोन फसवे एकमेकांना नेमके ओळखतात. लंडनच्या लग्नबाजारावर याहून चांगले पान दुसरे कुणी लिहिले असेल असे मला वाटत नाही.

त्या बाजाराचे कायदेही जरा बघायला हवेत, कारण कथानके त्यावर फिरतात. लग्न झाले की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. फ्लीट तुरुंगाच्या आसपासचे पाद्री चार पैशांत, नोंद न विचारता, कुणाचेही लग्न लावून देत. १७५३ च्या हार्डविक कायद्याने हे थांबवले आणि वधूवरांनी नोंदवहीत सही किंवा खूण केलीच पाहिजे असे ठरवले. आपल्याला साक्षरतेचे जे आकडे मिळतात ते याच वह्यांतून: शतकाच्या मध्याला साधारण साठ टक्के पुरुष आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास स्त्रिया सही करत होत्या. सही करणे म्हणजे सात खंडांची कादंबरी वाचणे नव्हे, हे ओघाने आलेच.

आता सॅम्युअल रिचर्डसन. डर्बीशरच्या सुताराचा मुलगा, फ्लीट स्ट्रीटजवळ सॉल्झबरी कोर्टात छापखाना. तेरा वर्षांचा असताना तो शेजारच्या तरुणींना प्रेमपत्रांची उत्तरे लिहून देत असे. पन्नाशीत दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सांगितले, खेड्यातल्या लोकांना उपयोगी पडतील अशी नमुन्याची पत्रे लिहून दे. त्यात एक पत्र असे होते: मालक मोलकरणीच्या मागे लागला आहे हे कळल्यावर बापाने मुलीला लिहिलेले. ते लिहिता लिहिता रिचर्डसनला जुनी ऐकलेली गोष्ट आठवली, नमुनापत्रे बाजूला राहिली आणि नोव्हेंबर १७३९ ते जानेवारी १७४० या दोन महिन्यांत 'पामेला' झाली.

पंधरा वर्षांची पामेला. मालकीण वारते, तिचा मुलगा मालक होतो आणि पोरीच्या मागे लागतो. ती आईबापांना पत्रे लिहिते, तो ती पत्रे पळवून वाचतो, तिला दूरच्या घरात कोंडतो, ती कागद कपड्यांच्या आत शिवून अंगावर बाळगते. शेवटी तिचे लिखाण वाचूनच त्याचे मन पालटते आणि तो तिच्याशी लग्न करतो. आजच्या वाचकाला तो शेवट पचत नाही, पचूही नये. पण रचना पाहा: मोलकरणीच्या शब्दाला वजन नाही, मालकाच्या शब्दाला आहे, आणि तिचा कागद हळूहळू त्याच्या शब्दापेक्षा भारी ठरतो. हे १७४० च्या इंग्लंडमध्ये धक्कादायक होते. घरोघरी नोकर होते, आणि नोकर आपल्याबद्दल काय लिहीत असतील हा विचार मालकांना सुखाचा नव्हता.

म्हणून गदारोळ झाला. पामेलाची नाटके झाली, चित्रे झाली, धर्मोपदेशक पुस्तकाची भलावण करू लागले, आणि अर्धा गाव म्हणू लागला की पोरगी लबाड आहे, सगळे लग्नासाठी रचलेले नाटक. हेन्री फील्डिंगने १७४१ मध्ये 'शमेला' लिहून हेच मांडले: तीच पत्रे, पण आतून डावपेच. हेवुडबाईंनीही त्याच वर्षी 'अँटी-पामेला' काढली. वाद साहित्याचा दिसतो, पण प्रश्न एकच: या मुलीवर विश्वास ठेवायचा का?

फील्डिंगच्या आयुष्यात याचा एक विलक्षण पुढचा अंक आहे, तो गाईडांत नसतो. उमराव घराण्याशी नाते, ईटनचे शिक्षण, पण खिशात पैसा नाही. नाटके लिहून पोट भरत होता, १७३७ च्या नाटक-परवाना कायद्याने तो धंदा बंद पडला, मग वकिली आणि १७४८ पासून बो स्ट्रीटला दंडाधिकारी. १ जानेवारी १७५३ ला एलिझाबेथ कॅनिंग नावाची अठरा वर्षांची मोलकरीण लंडनमध्ये नाहीशी झाली आणि चार आठवड्यांनी अर्धमेली घरी आली. म्हणाली, मला पळवून एका घरात माळ्यावर कोंडले, थोडी भाकरी आणि पाण्यावर ठेवले. त्या घरातल्या एका जिप्सी म्हातारीला फाशीची शिक्षा झाली. मग जिप्सी तेव्हा दूरच्या गावात होती असे साक्षीदार उभे राहिले, म्हातारी सुटली आणि १७५४ मध्ये कॅनिंगच खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरून अमेरिकेला रवाना झाली. लंडनचे दोन तट पडले. काय झाले होते ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. आणि या मुलीवर विश्वास ठेवून तिच्या बाजूने पुस्तिका लिहिणारा दंडाधिकारी कोण? पामेलाला लबाड म्हणणारा फील्डिंग. कागदावरच्या मोलकरणीचा त्याने धुव्वा उडवला होता; समोर उभ्या असलेल्या मोलकरणीवर मात्र त्याने आपली पत लावली.

'टॉम जोन्स' (१७४९) मध्ये त्याने वेगळा मार्ग काढला होता. पत्रे नाहीत, सापडलेले हस्तलिखित नाही, 'स्वतः लिहिलेले' नाही. निवेदक उघड सांगतो की हे मी रचतो आहे, आणि अठराही भागांच्या सुरुवातीला येऊन वाचकाशी गप्पा मारतो. टॉम उनाड पण मनाचा चांगला, ब्लिफिल सोज्ज्वळ दिसणारा पण नीच, आणि भला मोठा जमीनदार ऑलवर्दी दोघांबद्दलही चुकीचा निवाडा करतो. शब्दावर आणि वागण्याच्या देखाव्यावर जाणारा माणूस फसतो, हे तो वाचकाला हसत हसत दाखवतो. वाचकही अर्ध्या पुस्तकात फसलेला असतो, कारण निवेदक एक गोष्ट मुद्दाम लपवून ठेवतो. माझ्या लेखी इंग्रजी कादंबरीने मोठे वळण घेतले ते इथे: हे खरे घडले का, असे विचारणे वाचकांनी हळूहळू सोडले. खोटे नाही आणि खरेही नाही अशी तिसरी जागा तयार झाली. कॅथरिन गॅलाघर या अभ्यासिकेने यावर फार चांगले लिहिले आहे. कागदी चलन आणि कल्पित माणसे यांवर तात्पुरता विश्वास टाकायची सवय एकाच समाजाला एकाच काळात लागली, असे त्यांच्या मांडणीवरून म्हणता येते.

'क्लॅरिसा'बद्दल (१७४७-४८) थोडक्यात, कारण ती थोडक्यात सांगण्यासारखी नाही. जवळपास दहा लाख शब्द. आजोबांनी नातीला इस्टेट दिली, भावाबहिणींना ते सलले, घरच्यांनी जमिनीच्या लोभाने एका किळसवाण्या माणसाशी लग्न ठरवले, आणि तिने लव्हलेस या हुशार, देखण्या, विषारी माणसावर भरवसा ठेवला. तो मैत्रिणीची पत्रे बनावट करून तिला पाठवतो. बलात्कारानंतर ती त्याच्याशी लग्न करायला ठाम नकार देते. खंड टप्प्याटप्प्याने येत होते, आणि वाचक रिचर्डसनला पत्रे लिहून तिला वाचव म्हणून गयावया करत होते. लेडी ब्रॅडशे या बाईंनी खोट्या नावाने केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. रिचर्डसन बधला नाही. त्या काळचे नामवंत टीकाकार आणि कोशकार डॉ. जॉन्सन म्हणाले होते की गोष्टीसाठी रिचर्डसन वाचाल तर अधीर होऊन स्वतःला फास लावून घ्याल. बरोबर आहे. पण गोष्टीसाठी तो कुणी वाचू नये.

वाचणारे कोण, हा तुमच्या प्रश्नाचा मधला भाग. 'टॉम जोन्स'चे सहा खंड, किंमत सोळा-अठरा शिलिंग. मजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून जास्त. म्हणजे विकत घेणारे थोडे. 'क्रूसो' एका वृत्तपत्राने त्याच वर्षी क्रमशः छापायला घेतली, पुढे फेरीवाल्यांच्या स्वस्त चोपड्यांतून तिची आटवलेली रूपे खेड्यापर्यंत गेली. १७४० नंतर लंडनमध्ये भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये वाढली. वर्षाला अर्धी ते एक गिनी (पौंडाहून किंचित मोठे सोन्याचे नाणे) वर्गणी. त्याच काळात एक बोंब सुरू झाली की रिकामटेकड्या बायका आणि मोलकरणी कादंबऱ्या वाचून बिघडतात. जॉन्सन यांनीही १७५० मध्ये लिहिले की या पुस्तकांचे वाचक तरुण, अडाणी आणि आळशी. पण इंग्लंडच्या मध्यभागातल्या काही पुस्तकविक्रेत्यांच्या हिशेबवह्या अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा कादंबऱ्या नेणाऱ्यांत पुरुष भरपूर निघाले आणि नोकरवर्ग अगदी तुरळक. बायकांच्या वाचनाबद्दलची ती चिंता वाचकांपेक्षा चिंता करणाऱ्यांबद्दलच जास्त सांगते. पेपरात 'स्त्री-वाचकवर्गामुळे कादंबरी वाढली' असे सरसकट ठोकून देऊ नका.

लिहिणाऱ्या बायकांची गोष्ट मात्र वेगळी. फ्रान्सिस बर्नी वडिलांची हस्तलिखिते उतरवून काढत असे, त्यामुळे तिचे अक्षर छापखान्यांना माहीत. म्हणून 'एव्हलिना' तिने रात्री जागून, अक्षर बदलून लिहिली. भाऊ वेष बदलून हस्तलिखित प्रकाशकाकडे घेऊन गेला. १७७८ मध्ये पुस्तक निनावी निघाले, लेखिकेला मिळाल्या वीस गिनी. 'टॉम जोन्स'बद्दल फील्डिंगला सहाशे पौंड मिळाले होते, हे शेजारी ठेवून बघा. लेखिकेला स्वतःचेच नाव लपवावे लागते, आणि तिची नायिका अशी मुलगी आहे जिला बापाने नाव दिलेले नाही. खेड्यातून लंडनला आलेली एव्हलिना मेरिलिबोनच्या बागेत आतषबाजीच्या गडबडीत चुकते, एक आगाऊ माणूस अंगचटीला येतो, आणि ती घाबरून दोन बायकांचा आसरा मागते. त्या वेश्या असतात. तिला कळत नाही, त्यांना मजा वाटते, आणि नेमका त्याच वेळी ज्याचे आपल्याबद्दल चांगले मत व्हावे असे तिला वाटते तो लॉर्ड ऑरव्हिल समोरून येतो. तीन पानांत सगळे शहर आहे: कोण कोण आहे हे कपड्यांवरून न कळणे, आणि न कळल्याची किंमत फक्त मुलीने मोजणे.

आपल्याकडचा धागा जोडायचा असेल तर ओढूनताणून जोडू नका, पण एक जागा खरी आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चे (१८५७) पूर्ण नावच हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचे निरूपण असल्याचे सांगते. म्हणजे ही कल्पित गोष्ट आहे त्यापेक्षा ही खरी परिस्थिती आहे, हा आग्रह आधी. आणि हरिभाऊंनी 'पण लक्षात कोण घेतो' यमूच्या तोंडून सांगितली, पुरुषाने बाईच्या आवाजात. रिचर्डसनने जे दीडशे वर्षे आधी केले होते त्याच्याशी याची तुलना करून एखादा चांगला लघुप्रबंध होईल. समाज वेगळा, बाजार वेगळा, वाचक वेगळा, हे मात्र प्रत्येक पानावर लक्षात ठेवावे लागेल.

काय वाचावे? 'क्रूसो'पासून सुरुवात करू नका, ती आपल्याला बालपणीच्या संक्षिप्त आवृत्त्यांतून इतकी ओळखीची असते की दिसत नाही. 'मॉल फ्लँडर्स' आधी, एका दमात. मग 'क्रूसो'चे पहिले काही भाग आणि लिस्बनचा शेवट. 'पामेला' लग्नापर्यंत वाचा, पुढचे सोडले तरी चालेल, आणि लगेच 'शमेला', ती एका संध्याकाळी होते. 'टॉम जोन्स' पूर्ण जमली नाही तर सरायीतला गोंधळ आहे तो मधला भाग, आणि प्रत्येक भागाचे पहिले प्रकरण. 'एव्हलिना' पूर्ण. 'क्लॅरिसा' संक्षिप्त वाचलीत तर मी नाक मुरडणार नाही, पण लव्हलेसची पत्रे गाळू नका. स्टर्नची 'ट्रिस्ट्रम शँडी' (१७५९-६७) शेवटी ठेवा; मधेच काळे पान, मधेच रंगीत पान, आणि नायक जन्मायलाच खंड लागतात. आधीची पुस्तके वाचलेली असली की तो कुणाची खोडी काढतो आहे ते कळते.

ही सगळी पुस्तके स्वामित्वहक्काबाहेर असल्याने फुकट मिळतात. फक्त 'पामेला' उतरवून घेताना कुठली प्रत आहे ते बघा. लोकांनी पोरीच्या गावंढळ बोलीला नावे ठेवली म्हणून रिचर्डसन मरेपर्यंत तिची भाषा साफसूफ करत राहिला, आणि १८०१ मध्ये निघालेल्या सुधारित पाठात ती मोलकरीण बरीचशी मडमेसारखी बोलते. १७४० चा पाठ घ्या.